पोळी कुणाची, टाळी कुणाची: मराठी वृत्तसंपादकांना खुले पत्र

मराठी दैनिकांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस,

स. न. वि. वि.

पश्चिम आशियात कुठेही तोफ धडाडली की तुमच्याकडून एक ठरलेली चित्रफीत निघते. दाढी, पगडी, उगारलेला हात आणि मागे घोषणा देणारा जमाव. खाली पट्टी, 'धर्मगुरूंची चिथावणी'. तीन दिवसांनी तीच चित्रफीत पुन्हा येते, फक्त पट्टी बदललेली असते, 'धर्मगुरूंचे शांततेचे आवाहन'. समोरचा माणूस इराकचा की लेबनॉनचा, शिया की सुन्नी, सरकारी पगारावरचा की सरकारच्याच तुरुंगातून सुटलेला, यातले काहीच प्रेक्षकाला कळत नाही. एका वाहिनीवर तर बातमी इराकमधल्या नजफची आणि पडद्यावर तेहरानची जुम्म्याची नमाज, असाही प्रकार पाहिला. इराणी लोक अरब नव्हेत, हे सांगायचाही आता कंटाळा येतो.

तक्रार चित्रफितीपुरती असती तर पत्र लिहायच्या भानगडीत पडलो नसतो. पण रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांची चूल कुवेत, दोहा, दुबई, मस्कतच्या पगारावर पेटते. १९९० साली सद्दामने कुवेत गिळले तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले होते. अशा घरांत तुमची बातमी करमणूक म्हणून ऐकली जात नाही. अमका मौलाना अमके बोलला, म्हणजे आता खरेच काही पेटणार की नुसताच धूर, एवढे त्यांना कळायला हवे असते. तेवढेच नेमके तुमच्याकडून कळत नाही.

माझे मागणे एकच आहे. अरब देशांतला धर्मगुरू युद्धाबद्दल काही बोलला की त्याची पगडी दाखवण्याआधी त्याची तिजोरी दाखवा. त्याला गादीवर बसवले कुणी, त्याचा खर्च चालवतो कोण, आणि त्याच्या शब्दाखातर बंदूक उचलणाऱ्याला पगार कोण देतो? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण अरब जगात गेली शंभर वर्षे कुठे खरी ठरली आणि कुठे खोटी पडली एवढे पाहिले, तरी बराच गुंता सुटतो.

नजफपासून सुरुवात करू. इमाम अलींच्या दर्ग्याजवळ रसूल रस्त्याला लागून एक अरुंद गल्ली आहे. तिथल्या एका भाड्याच्या साध्या घरात अयातुल्ला अली सिस्तानी राहतात. जन्म १९३० चा आणि मशहदचा, म्हणजे इराणमधला. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ते नजफला शिकायला आले आणि तिथलेच झाले. इराकी नागरिकत्व मात्र घेतले नाही, त्यामुळे ज्या निवडणुकीसाठी त्यांनी अमेरिकेशी उभा दावा मांडला, तिच्यात त्यांना स्वतःला मत देता आले नाही. ६ मार्च २०२१ रोजी पोप फ्रान्सिस त्यांच्या भेटीला त्या गल्लीतून चालत गेले आणि खोलीत शिरण्याआधी पायातले बूट काढून आत गेले.

पोपना भेट मिळाली. पॉल ब्रेमर यांना मिळाली नव्हती. २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर नेमलेले प्रशासक ब्रेमर म्हणजे तिथली शेवटची सही. त्यांचा बेत असा होता की नवी राज्यघटना लिहिणारी माणसे नेमून घ्यायची आणि निवडणुका नंतर बघू म्हणायचे. जूनच्या अखेरीस नजफहून जेमतेम काही ओळींचा फतवा निघाला: घटना लिहिणारे लोकांनी निवडून दिलेलेच असले पाहिजेत. ब्रेमर वर्षभर मध्यस्थांकरवी निरोप धाडत राहिले, सिस्तानींनी एकदाही दार उघडले नाही. जानेवारी २००४ मध्ये बगदादच्या रस्त्यावर सुमारे लाखभर माणसे निवडणूक मागायला उतरली, आणि ३० जानेवारी २००५ ला ती झाली. एवढ्या फौजफाट्यानिशी आलेल्या महासत्तेला मतपेटीपर्यंत ओढत नेणारा माणूस घराबाहेरही फारसा पडत नव्हता.

हे वजन आले कुठून? नुसत्या श्रद्धेतून आले म्हणणे अर्धेच खरे. श्रद्धाळू शिया माणूस वर्षाचा घरखर्च भागून जे उरेल त्याचा पाचवा हिस्सा काढून ठेवतो. त्याला खुम्स म्हणतात. तो ज्या मरजाला, म्हणजे ज्या थोर धर्मपंडिताला मानतो, त्याच्याकडे किंवा त्याच्या प्रतिनिधीकडे ही रक्कम पोचते. मुंबईत डोंगरीचा खोजा व्यापारी असो की लंडनमधला इराकी डॉक्टर, मध्ये सरकार नाही, खाते नाही, मंत्री नाही. या पैशावर मदरसे चालतात, विद्यार्थ्यांना महिन्याचा तनखा मिळतो, दवाखाने उभे राहतात. मरजाची नेमणूकही कुणी करत नाही. विद्यार्थी आणि अनुयायी ज्याच्याकडे वळतात तो मरजा. अशा माणसाला राज्यकर्ता मारू शकतो. सद्दामने एप्रिल १९८० मध्ये मुहम्मद बाकिर अल-सद्र यांना फाशी दिले. त्याला फरफटत आणून दूरचित्रवाणीवर शेजारी बसवू शकतो. १९९१ चा दक्षिणेतला उठाव चिरडल्यावर नव्वदी ओलांडलेल्या अयातुल्ला खोई यांच्या वाट्याला हे आले. फक्त त्याला बडतर्फ करता येत नाही.

या पैशावर आपल्याकडच्या इंग्रज सरकारचाही डोळा होता, हे फारसे कुणाला माहीत नसते. १८२५ साली अवधचा राज्यकर्ता गाजीउद्दीन हैदर याने ईस्ट इंडिया कंपनीला ५ टक्के व्याजाने १ कोटी रुपयांचे कायमचे कर्ज दिले. त्या व्याजाचा काही भाग पुढे १८५० च्या सुमारापासून नजफ आणि करबलाच्या मुजतहिदांना, म्हणजे स्वतः धर्मनिर्णय देण्याइतक्या अधिकारी पंडितांना, वाटला जाऊ लागला, आणि वाटप बगदादच्या ब्रिटिश प्रतिनिधीमार्फत होई. लखनौचा पैसा, कलकत्त्याची तिजोरी, करबलाचे मौलवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी हा पैसा लगाम म्हणून वापरून पाहिला. काहींनी पैसे घेतले, काहींनी हात झटकले. शेख मुर्तजा अन्सारींसारखा मोठा पंडित तर फार आधीच या भानगडीतून बाजूला झाला होता. आणि १९२० मध्ये इराक इंग्रजांविरुद्ध उठला, तेव्हा त्या उठावाला धर्माचे पाठबळ करबलाच्या मिर्झा मुहम्मद तकी शिराझींनीच दिले. इतक्या वर्षांच्या खिरापतीचा इंग्रजांना झालेला उपयोग तो एवढाच.

याच मातीत आपली माणसेही सापडली होती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जी फौज उतरली तिचे नावच सहावी पुणे डिव्हिजन. १४ नोव्हेंबर १९१४ ला इस्तंबूलमध्ये ऑटोमन (तुर्की) सल्तनतीच्या शेख-उल-इस्लामने, म्हणजे सर्वोच्च धर्माधिकाऱ्याने, जिहाद पुकारला. जर्मनीची अपेक्षा होती की हिंदुस्थानपासून मोरोक्कोपर्यंतचे मुसलमान आता उठणार. उठले नाहीत. शेख-उल-इस्लाम सुलतानाच्या पदरचा आणि सुलतान युद्धात उतरलेला, त्यामुळे त्या पुकाराला सरकारी कागदापलीकडे किंमत आली नाही. मक्केच्या शरीफ हुसेनने तर जून १९१६ मध्ये उलट सुलतानाविरुद्धच बंड केले. नजफचे मुजतहिद मात्र तुर्कांच्या पदरचे नव्हते, तुर्कांशी त्यांचे फारसे गोडही नव्हते. तरीही मुहम्मद सईद अल-हब्बूबी यांच्यासारखा कवी-पंडित टोळीवाल्यांना घेऊन स्वतः रणात उतरला. एप्रिल १९१५ मध्ये बसऱ्याजवळ शैबाला लढाई झाली. हब्बूबींची माणसे एका बाजूला, दुसऱ्या बाजूच्या फौजेत मराठा पलटणी. हब्बूबी हरले आणि काही काळातच नासिरियात वारले.

त्यापुढचा कूत-अल-अमाराचा वेढा. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. जनरल टाउनशेंडची फौज तैग्रिसच्या वळणात कोंडली गेली होती, तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या. दाणागोटा संपत आला तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. गोरे सोल्जर ते मांस खाऊ लागले, बहुतेक हिंदी शिपायांनी ते नाकारले. स्कर्व्हीने हिरड्या सुजत होत्या, माणसे उभ्या उभ्या कोसळत होती. अखेर सरकारने हिंदुस्थानातल्या हिंदू आणि मुसलमान धर्मपंडितांकडून परवानगी मिळवली, आणि ती कूतपर्यंत कळवण्यात आली: आपद्धर्म म्हणून खायला हरकत नाही. तरीही बरेच दिवस पुष्कळजण खाईनात. गावी गेल्यावर पंक्तीला कोण घेणार, पोरींची लग्ने कशी जमणार, ही धास्ती. सरकारने मागवलेल्या परवानगीपेक्षा गावातल्या भटजी-मुल्लाची नजर जड ठरली. अगदी शेवटच्या आठवड्यांत उपासमारीपुढे निरुपाय होऊन अनेकांनी घास घेतला. पाठोपाठ शरणागती आली, सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली, आणि त्यांतली कितीतरी वाळवंटातून चालता चालताच मेली.

धर्मगुरूच्या शब्दाला युद्धात किती किंमत असते, याचा याहून चांगला पुरावा मला तरी सापडलेला नाही. शब्द तोच, पण तो सरकारी तारेने आला की गावातून आला, यावर सगळे ठरले.

आता थेट २०१४ वर येतो. १० जूनला मोसुल पडले. इराकी सैन्याच्या तुकड्या गणवेश टाकून पळाल्या आणि 'इसिस'चे ट्रक बगदादच्या रोखाने निघाले. १३ जूनच्या शुक्रवारी करबलाच्या इमाम हुसेन दर्ग्यात सिस्तानींचे प्रतिनिधी शेख अब्दुल महदी अल-करबलाई खुतबा, म्हणजे जुम्म्याचे प्रवचन, द्यायला उभे राहिले. पांढरी पगडी. काळी पगडी पैगंबरांच्या वंशातल्या सय्यदांची, पांढरी इतरांची, एवढे तरी तुमच्या डेस्कवर माहीत असायला हरकत नाही. त्यांनी सांगितले की शस्त्र धरता येणाऱ्या नागरिकांनी देश, लोक आणि पवित्र स्थळे वाचवण्यासाठी सुरक्षा दलांत दाखल व्हावे. पुरेसे लोक पुढे आले की बाकीच्यांवरची जबाबदारी संपते, असे त्या कर्तव्याचे स्वरूप होते. काही दिवसांत भरतीकेंद्रांबाहेर हजारोंच्या रांगा लागल्या.

त्या आवाहनातला 'सुरक्षा दलांत' हा भाग बघता बघता गळून पडला. बद्र, असाइब अहल अल-हक, कताइब हिज्बुल्ला या संघटना आधीपासून होत्या. त्यांच्याकडे शस्त्रे होती, तेहरानशी जुने धागे होते, फक्त इतक्या मोठ्या प्रमाणावर पुण्याईचा शिक्का नव्हता. तो आयता मिळाला. स्वयंसेवकांच्या लोंढ्यावर 'हश्द अल-शाबी' नावाची छत्री उघडली गेली आणि छत्रीची मूठ या जुन्या संघटनांच्या हाती गेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये नजफने लढणाऱ्यांसाठी सूचना काढल्या: म्हातारी माणसे, बायका-मुले यांना हात लावू नका, प्रेतांची विटंबना करू नका, लुटालूट करू नका. सगळ्यांनी ऐकले असते तर सुन्नी गावांतून उठलेल्या तक्रारींचा एवढा ढीग मानवाधिकार संघटनांकडे लागला नसता. नोव्हेंबर २०१६ मध्ये इराकी संसदेने कायदा करून हश्दला सरकारी दल म्हणून मान्यता दिली आणि त्याचा पगार अर्थसंकल्पातून कायमचा सुरू झाला. मोसुल परत मिळाले, 'इसिस'चा पराभव झाला, पण आणीबाणीसाठी बोलावलेली माणसे घरी गेली नाहीत. २०२० मध्ये दर्ग्यांशी जोडलेल्या चार तुकड्या हश्दच्या नेतृत्वाखालून बाहेर पडून थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत गेल्या. नजफला यापलीकडे फार काही जमले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्येही सिस्तानींच्या कार्यालयाला शस्त्रे फक्त सरकारच्याच हाती असावीत, असे पुन्हा बजावावे लागत होते.

म्हणजे ज्याच्या शब्दावर फौज उभी राहिली त्याच्या शब्दावर ती मोडेना. कारण तिचा पगार त्याच्या तिजोरीतून जात नव्हता.

हे पटायला जड जात असेल तर मुक्तदा अल-सद्र यांच्याकडे पाहा. ते मरजा नाहीत, विद्वत्तेत सिस्तानींच्या पासंगालाही पुरणार नाहीत. पण १९९९ मध्ये मारल्या गेलेल्या वडिलांचे नाव, बगदादच्या सद्र सिटीतली गरीब वस्ती आणि स्वतःची सशस्त्र माणसे, हे सगळे त्यांचे स्वतःचे आहे. २९ ऑगस्ट २०२२ ला त्यांनी राजकारण सोडल्याची घोषणा केली, त्यांचे लोक बगदादच्या ग्रीन झोनमधल्या राजवाड्यात घुसले, रात्रभर गोळीबार झाला, तीसच्या आसपास माणसे मेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुक्तदा पडद्यावर आले आणि म्हणाले, ६० मिनिटांत माघार घ्या. माणसे निघालीसुद्धा. हा प्रभाव सिस्तानींच्या प्रभावाहून अगदी वेगळ्या जातीचा आहे, आणि तुम्ही दोघांनाही 'शिया धर्मगुरू' या एकाच पट्टीखाली बसवता.

लेबनॉनचे हसन नसरल्ला या बाबतीत बरे होते. जून २०१६ मधल्या भाषणात त्यांनी उघडच सांगून टाकले की हिज्बुल्लाचा खर्च, पगार, अन्नपाणी, शस्त्रे सगळे इराणकडून येते. २७ सप्टेंबर २०२४ ला बैरुतच्या दक्षिण उपनगरात इस्रायलने त्यांना मारले, त्यानंतर तुमच्याकडे चर्चासत्रे रात्रभर चालली. त्या भाषणाची कुणी आठवण काढल्याचे ऐकले नाही.

सुन्नी जगात तिजोरीचा कारभार बहुधा उलट चालतो. कैरोचे अल-अझहर हे सुन्नींचे धर्मपीठ हजार वर्षांचे जुने. त्याला पूर्वी वक्फच्या जमिनींचे स्वतःचे उत्पन्न होते. १९५२ नंतरच्या लष्करी राजवटीने वक्फ ताब्यात घेतले आणि १९६१ च्या कायद्याने नासर यांनी अझहर संस्थाच सरकारच्या कक्षेत आणली. शेख नेमणार राष्ट्राध्यक्ष, पगार देणार खजिना. आत्ताचे शेख अहमद अल-तय्यब २०१० मध्ये मुबारक यांनी नेमलेले. ३ जुलै २०१३ ला जनरल सिसी यांनी निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या व्यासपीठावर शेख तय्यब होते, आणि कॉप्टिक पोप तवाद्रोसही. टाळी वाजली, म्हण खरी ठरली, असे म्हणून इथेच थांबता येईल. पण पाचच दिवसांनी लष्कराच्या गोळीबारात मोर्सींचे पन्नासहून अधिक समर्थक मारले गेले, तेव्हा याच तय्यब यांनी रक्तपात थांबेपर्यंत घरात एकांतात बसण्याचे जाहीर केले. पुढे २०१७ मध्ये तोंडी तलाक रद्द ठरवावा, ही सिसींची इच्छाही अझहरने मानली नाही. पगारी माणूस प्रत्येक वेळी मिंधाच असतो असे नाही. २०११ च्या क्रांतीनंतर शेख निवडण्याचा अधिकार ज्येष्ठ पंडितांच्या मंडळाकडे परत आला होता, त्या जोरावर तय्यब थोडे ताठ उभे राहू शकले.

अझहरबद्दल आणखी एक. २०१४ च्या अखेरीस अझहरने 'इसिस'वाल्यांना धर्मबाह्य ठरवायला नकार दिला, तेव्हा जगभर आरडाओरडा झाला. अझहरचे म्हणणे असे होते की एखाद्याला काफिर ठरवून त्याला मारणे हेच तर त्यांचे हत्यार आहे, ते आम्ही कशाला उचलू? या उत्तरावर वाद घालता येतो. पण 'अझहर इसिसच्या बाजूने' असा मथळा निव्वळ अडाणीपणाचा.

सौदी अरेबियातले उदाहरण जास्त बोलके आहे. ऑगस्ट १९९० मध्ये राजे फहद यांनी अमेरिकी फौजेला देशात बोलावले. मक्का-मदिनेच्या भूमीवर परधर्मी सैन्य! ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने, त्यात शेख बिन बाज आले, त्याला मंजुरी दिली. अशा मंजुऱ्यांचा पायंडा जुनाच. नोव्हेंबर १९७९ मध्ये मक्केच्या मोठ्या मशिदीचा बंडखोरांनी ताबा घेतला होता, तेव्हाही हरमच्या आवारात शस्त्र चालवायची परवानगी उलेमांकडूनच घेतली गेली. पण १९९० मध्ये किंमत चुकवावी लागली. सफर अल-हवाली, सलमान अल-औदा हे तरुण धर्मपंडित उघड विरोधात गेले, त्यांच्या भाषणांच्या कॅसेटी हातोहात फिरू लागल्या, आणि १९९४ मध्ये सरकारने दोघांना तुरुंगात टाकले. तुरुंगाने त्यांचा शब्द आणखी वजनदार केला. सरकारी उलेमांनी शिक्का मारला खरा, पण ज्या तरुणांची समजूत घालायची होती ते दुकान बदलून मोकळे झाले होते.

कतारच्या आश्रयाला असलेले युसुफ अल-करदावी हे याच बाजाराचे दुसरे टोक. मूळचे इजिप्तचे, दोहात राहून 'अल जझीरा'वरून घराघरांत पोचले. फेब्रुवारी २०११ मध्ये तहरीर चौकात जुम्म्याचा खुतबा दिला, त्याच महिन्यात गद्दाफीला जो कुणी गोळी घालू शकेल त्याने घालावी असे थेट प्रक्षेपणात सांगितले. बहारिनमध्ये लोक उठले तेव्हा मात्र तो उठाव त्यांना पंथीय वाटला. कतारच्या परराष्ट्र धोरणाचा नकाशा शेजारी ठेवून ही विधाने वाचा. मे २०१३ मध्ये त्यांनी सुन्नींना सीरियात लढायला जाण्याचे आवाहन केले. त्या हाकेने आणि तसल्याच इतर हाकांनी किती पोरे गेली याचा हिशेब कुणी ठेवला? २०२२ मध्ये ते दोहातच वारले.

आणि सीरिया. तिथे मुहम्मद सईद रमजान अल-बूती हे खरोखरच मोठे विद्वान. त्यांची पुस्तके अरब जगभर वाचली जात. २०११ मध्ये त्यांनी असद सरकारची बाजू घेतली आणि रस्त्यावर उतरणाऱ्यांना दूषणे दिली. २१ मार्च २०१३ ला दमास्कसच्या ईमान मशिदीत ते पाठ घेत असताना स्फोट झाला. ते, त्यांचा नातू आणि समोर बसलेले कित्येक, मिळून चाळीसहून अधिक माणसे गेली. सरकारने बंडखोरांकडे बोट दाखवले, बंडखोरांनी सरकारकडे. थोरले मुफ्ती अहमद बद्रुद्दीन हस्सून यांचा तरुण मुलगा ऑक्टोबर २०११ मध्येच गोळ्या घालून मारला गेला होता. तरी हस्सून असद यांच्याबरोबर राहिले, इतके की युरोपला आत्मघाती हल्ल्यांची धमकीही देऊन झाली. त्याचे फळ काय मिळाले? नोव्हेंबर २०२१ मध्ये असद यांनी एका हुकमाने थोरल्या मुफ्तीचे पदच रद्द केले. राजवट कोसळल्यावर, मार्च २०२५ मध्ये, नव्या सरकारने त्यांना दमास्कसच्या विमानतळावर ताब्यात घेतले.

त्याच महिन्याच्या अखेरीस उसामा अल-रिफाई थोरले मुफ्ती झाले. ऑगस्ट २०११ मध्ये, रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री, सरकारी माणसांनी त्यांच्या दमास्कसच्या मशिदीत घुसून त्यांना मारहाण केली होती. मग ते परागंदा झाले. अंगावर ते वळ असल्यामुळेच त्यांच्या शब्दाला मान आहे. आता ते दमास्कसच्या नव्या सत्तेचे मुफ्ती आहेत, पोळी नव्या चुलीवरची आहे. तुम्ही त्यांची बातमी द्याल तेव्हा ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी छापा, बाकी वाचक आपला आपण पाहून घेईल.

सीरियातल्याच सुवैदाचे प्रकरण यात बसत नाही, म्हणून मुद्दाम काढतो. जुलै २०२५ मध्ये तिथे द्रूझ या अल्पसंख्य पंथाच्या वस्त्यांत रक्तपात झाला तेव्हा 'द्रूझ धर्मगुरूंचा निर्णय' अशा पट्ट्या फिरल्या. धर्मगुरू तिथे एक नव्हे, तीन आहेत. शेख जरबू यांनी शस्त्रसंधी झाल्याचे सांगितले, शेख हिकमत अल-हिजरी यांनी तो झिडकारला. इथे तिजोरीचा प्रश्न फारसा नाही. सरकार नावाची गोष्टच उरली नाही की लोक गढीकडे पळतात, आणि गढी कुणाची तर जुन्या घराण्यातल्या शेखची.

शेवटी मोसुल, कारण ते आपल्या अंगणापर्यंत आले होते. ४ जुलै २०१४ ला अल-नूरी मशिदीच्या मिंबरवर, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्यावर, काळ्या पगडीतला एक माणूस चढला आणि खलिफा म्हणून आज्ञापालन मागू लागला. 'इसिस'चा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादी तो. त्याला कुणी नेमले नव्हते. त्याच्याकडे तेलविहिरी होत्या, खंडणी होती, लुटलेली शस्त्रे होती. पगडी त्याने नंतर चढवली. निष्ठा वाहायला नकार देणाऱ्या स्थानिक इमामांना त्याच्या माणसांनी ठार केले, ही गोष्ट तुमच्या किती बातम्यांत आली? सप्टेंबरमध्ये जगभरच्या १२६ मुस्लिम विद्वानांनी त्याला उघड पत्र लिहिले, इजिप्तचे मुफ्तीही त्यात होते, आणि त्याच्या प्रत्येक दाव्याची शास्त्राधारे चिरफाड केली. पत्र उत्तम होते. पण ज्यांनी ते वाचायला हवे होते त्यांच्या दृष्टीने सह्या करणाऱ्यांतले पुष्कळजण सरकारी नोकर होते. त्याच वर्षी मे महिन्यात कल्याणहून चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इराकला गेले आणि जथ्यातून सटकून 'इसिस'कडे पोचले. त्यांना कुठल्या मशिदीच्या मौलवीने धाडले नव्हते, ती वाट त्यांना इंटरनेटवर सापडली होती. ते प्रकरण गाजत होते तेव्हा कॅमेरे मात्र कल्याणच्या मशिदींबाहेर उभे होते.

म्हणून म्हणतो, दोन कामे करा. तुमच्या डेस्कवर अरबी वाचता येणारा एक तरी माणूस ठेवा. मुंबई विद्यापीठात अरबीचा विभाग आहे, आणि कोकणात अरबी बोलू शकणारी, वीस-वीस वर्षे आखातात काढून परतलेली माणसे गावोगाव आहेत; परदेशी वृत्तसंस्थेच्या मजकुराचे भाषांतर करून घेण्यापेक्षा ती स्वस्तही पडतील. दुसरे, धर्मगुरूच्या नावापुढे एक ओळ सक्तीची करा: 'सरकारनियुक्त', 'अनुयायांच्या खुम्सवर चालणाऱ्या पीठाचे प्रमुख', 'सशस्त्र संघटनेचे नेते', 'परदेशात आश्रित'. राजकीय पुढाऱ्याच्या नावापुढे पक्ष लिहायला तुम्ही कधी विसरत नाही. पट्टीवर जागा नसेल तर 'खळबळ' हा शब्द काढा, तेवढ्यात मावेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक आणि प्रेक्षक